हात कुठवर घालावा

आमच्याकडं दोन म्हणी एकाच तोंडातनं निघतात. एक, आपला हात जगन्नाथ. दुसरी, ज्याचं काम त्यानं करावं, दुसऱ्यानं केलं तर गोता खावा. आमचा आज्जा दोन्ही म्हणायचा. बांध घालायला गडी लावूया म्हटलं की पहिली म्हण यायची. आम्ही पोरांनी सुताराची वाकस घेऊन जू तासायला बसलो की दुसरी. त्या वयात वाटायचं, म्हातारा आपल्या सोयीनं बोलतोय. आता मी स्वतः साठी ओलांडली आणि कळतंय की दोन्ही म्हणी खऱ्या आहेत. कोणती कुठं लावायची, एवढाच काय तो प्रश्न. पण तो सोडवताना भल्याभल्यांची अक्कल कामाला लागते.

आमच्या लहानपणी ही वाटणी गावानंच करून ठेवलेली होती. नांगराचा फाळ लोहाराकडं, औताची जोडणी सुताराकडं, मोट शिवायची तर चांभाराकडं. सुगी झाली की खळ्यावर ज्याचं त्याचं बलुतं. शेतकऱ्यानं पाचर ठोकावी, शिवळ बदलावी, वादी आवळावी. त्यापुढं हात घालायचा नाही. या वाटणीचं कौतुक पुष्कळांनी केलं आहे. गाव कसं एकमेकांवर उभं होतं, वगैरे. ते खोटं नाही. पण तिची दुसरी बाजूही मी बघितली आहे. कुणी काय करायचं हे जन्माला यायच्या आधीच ठरलेलं. लोहाराच्या पोराला भाता ओढायचा कंटाळा आला तरी सुटका नव्हती, आणि आमच्यासारख्या कुणब्याच्या पोरानं ऐरणीला हात लावला तर दोन्हीकडनं बोलणी बसायची. मोटेचं पाणी पिकाला चालायचं, पण ती मोट शिवणाऱ्याच्या हातचं पाणी घरात चालायचं नाही. तेव्हा ‘ज्याचं काम त्यानं करावं’ या बोलण्यात शहाणपणाबरोबर एक कुलूपही होतं. आज ती म्हण वापरताना हे ध्यानात ठेवलं पाहिजे.

हे कुलूप थोडंफार ढिलं केलं ते इंजिनानं. आमचा भाग किर्लोस्करवाडीच्या जवळचा. १९१० साली औंध संस्थानातल्या उजाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना काढला, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पुढं १९४६ साली पुण्यात त्यांच्याच घराण्याची ऑईल इंजिनांची कंपनी निघाली आणि विहिरीविहिरीवर मोटेच्या जागी इंजिनाचा भकभक आवाज सुरू झाला. हे इंजिन कुणाच्या बलुत्यात नव्हतं. ते दुरुस्त करणारा कोणत्याही आळीतला निघायचा. ज्याच्या कानाला आवाजातला फरक कळेल आणि ज्याचा हात स्थिर असेल, तो मिस्त्री. पहिल्यांदाच गावात असं एक काम आलं की जे करावं का न करावं हे माणसाला स्वतः ठरवायचं होतं. मोकळीक आली, आणि तिच्याबरोबर हा पेचही आला.

आमच्या घरात हा पेच जीपच्या रूपानं येऊन उभा राहिला.

जीप जुनी, महिंद्राची, आत प्यूजो इंजिन. तिनं आमचा बेदाणा वाहिला, खत वाहिलं, रात्री-अपरात्री गावातल्या बाळंतिणी तालुक्याला नेल्या. द्राक्षाच्या विरळणीला वरच्या वाडीवरनं बायका येतात, त्यांना सकाळी आणायचं आणि दिवस मावळायला सोडायचं कामही तिचंच. वाडीचा रस्ता घाटाचा. अलीकडं तिचा जीव चढाला जायला लागला. निळा धूर, डिझेलइतकंच ऑईल पिणं, सकाळी धक्का दिल्याशिवाय चालू न होणं. इंजिन खोललं तर ब्लॉकलाच तडा. म्हणजे बोअर करून, नवे लाईनर-पिस्टन घालून भागणार नव्हतं. दुसरं इंजिनच बसवायला पाहिजे होतं.

तालुक्याच्या मिस्त्रीनं मजुरी सांगितली. आमचा पुतण्या तो आकडा ऐकून म्हणाला, “नाना, एवढ्यात तर चेनब्लॉक आणि सगळे पाने इकत येतील. इंजिन मी बसवतो की.”

पुतण्या उगाच बोलणारा नाही. विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं जुनं इंजिन त्यानं एकट्यानं खोलून पुन्हा उभं केलं होतं, आणि ते करायला मीच त्याला सांगितलं होतं. पोत्यावर एकेक पार्ट काढल्या क्रमानं मांडलेला, बोल्ट वेगळ्या डब्यात, रॉकेलनं सगळं धुतलेलं. नोझल साफ केला, रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले, डिझेलच्या नळीतली हवा काढली आणि हँडल मारलं. दोनदा फुसफुसलं, तिसऱ्यांदा पकडलं. त्या दिवशी पोराचा चेहरा बघण्यासारखा होता. तेव्हा जीपचं त्यानं म्हणणं यात नवल नव्हतं.

आमचे थोरले बंधू, म्हणजे त्याचे वडील, दादा, म्हणाले, “काय नगं. पैसं द्यायचं आन मोकळं व्हायचं. कुणी सांगितलाय तो उकिरडा दारात मांडायला!”

पोरगं म्हणालं, “माझ्यावर भरवसा न्हाई म्हणा की सरळ.”

तिथं बोलणं थांबलं. प्रश्न इंजिनाचा राहिला नाही, मानाचा झाला. घरात असं झालं की मग कुणी काही बोललं तरी ते लागतं. दोन दिवस बापलेक एकमेकांशी भाकरी-भाजीपुरतं बोलले. मी मधला. दोघांचंही पटत होतं आणि दोघांचंही पटत नव्हतं.

शेवटी पुतण्याला घेऊन मी मिस्त्रीकडं गेलो. म्हटलं, निदान काम काय आहे ते तरी नीट समजून घेऊ. मिस्त्री माझ्याच वयाचा. चौथीत शाळा सोडली आणि दुसऱ्याच्या गॅरेजात पार्ट धुता धुता शिकला. आता त्याच्याकडं आयटीआय झालेली पोरं कामाला आहेत. पुतण्यानं त्याला कोणतं इंजिन मिळतं, कुठं मिळतं, विचारायला सुरुवात केली. मिस्त्रीनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

“गाडीत माल असतोय का माणसं?”

पुतण्या म्हणाला, “दोन्ही. बायका असत्यात कामाच्या.”

“मग बस. च्या पिऊ, आन सांगतो.”

त्यानं जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत मांडतो, कारण ज्यांनी हे काम बघितलेलं नाही त्यांना वाटतं की जुनं उचलायचं नि नवं ठेवायचं, त्यात काय एवढं. इंजिन दोन-अडीचशे किलोचं धूड. ते साखळीवर लोंबकळत असताना खाली हात घालून गिअरबॉक्सला जुळवायचं असतं. मधे क्लच प्लेट. ती बरोबर मध्यावर बसली पाहिजे, म्हणून जुना शाफ्ट आत घालून आधी तिचा मध्य धरतात आणि मगच प्रेशर प्लेट आवळतात. तो मध्य चुकला तर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत जाणार नाही. आणि जात नाही म्हणून कुणी बोल्ट आवळून ओढून घेतला, किंवा गिअरबॉक्सचं वजन त्या शाफ्टवर लोंबकळू दिलं, तर प्लेट वाकते. हेडचे बोल्ट मधल्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानंच आवळायचे. ‘हाताला कळतंय’ म्हणणाऱ्याच्या हेडमधनं महिन्याभरात पाणी येतं.

“हे सगळं तुला जमंल,” मिस्त्री पुतण्याला म्हणाला. “पयल्यांदा न्हाई जमलं तर दुसऱ्यांदा जमंल. इंजिन चालू हुईल. पर चालू हुणं आन घाटातनं उतरणं ह्यात फरक हाय.”

मग त्यानं ब्रेकची नळी दाखवली. आमच्या गाडीचा ब्रेक व्हॅक्युमवर चालणारा. पेट्रोलच्या इंजिनात ती ओढ आपसूक तयार होते, डिझेलला त्यासाठी वेगळा पंप असतो. इंजिन बदललं की तो पंप, ती नळी, तिचा क्लॅम्प सगळं पुन्हा जोडायचं. नळीत हवा घुसत राहिली तर ब्रेकचं पायडल दगडासारखं होतं. गाडी अंगणात उभी असते तोवर हे ध्यानात येत नाही. भरल्या गाडीनं उतारावर पाय दिला की येतं. डिझेलच्या नळ्यांचंही तसंच. एखादा जोड झिरपत राहिला आणि खाली सायलेन्सरचा तापलेला पाईप असला तर पुढचं सांगायला नको.

मला हवी होती ती गोष्ट त्या एका प्रश्नात सापडली. आम्ही घरात दोन दिवस भांडलो ते दोन मापं घेऊन. दादांचं माप कटकटीचं: पैसे गेले तरी चालतील, डोक्याला ताप नको. पोराचं माप अंगातल्या कसबाचं: मला येतं, मग मी का करू नये. मिस्त्रीनं तिसरं माप काढलं. चूक झाली तर ती कुणाच्या अंगावर जाऊन बसणार?

विहिरीवरच्या इंजिनाची चूक विहिरीवरच राहते. फार तर दोन दिवस पाणी बसणार नाही, एखादी वाफसारी वाळेल, हँडल उलटं फिरलं तर ज्यानं मारलं त्याचं मनगट जाईल. नुकसान आहेच, पण ज्यानं धाडस केलं त्याच्याच पदरात ते पडतं, आणि ज्याच्या पदरात पडतं त्याला ते पत्करायचा हक्क आहे. जीपची चूक रस्त्यावर जाते. ती त्या बायकांच्या मांडीवर जाऊन बसते, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. बाई सकाळी डबा घेऊन गाडीत चढते तेव्हा ती इंजिन कुणी बसवलंय हे विचारत नाही. आमच्यावर टाकलेला तो विश्वास असतो, आणि तो खर्चायचा अधिकार आम्हाला नाही. पोराला शिकायला मिळावं म्हणून तर नाहीच नाही.

हे मला इतकं स्वच्छ कळलं की मी तिथंच बोललो. पुतण्या गप्प बसला. पण नंतर, परत येताना, त्यानं असा प्रश्न विचारला की मला उत्तर शोधायला लागलं. म्हणाला, “नाना, ह्या मापानं बघितलं तर नवशिक्यानं कधी काय करायचंच न्हाई. मग मिस्त्री मिस्त्री झाला कसा?”

प्रश्न वाजवी होता. ज्या लक्ष्मणरावांचं नाव आम्ही घेतो, ते मुंबईला जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले होते. डोळ्याला रंग नीट ओळखता येईनात म्हणून ती सुटली आणि यांत्रिक ड्रॉइंगकडं वळले. बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, १८८८ साली. त्यातनं पुढं लोखंडी नांगर. त्यांनी ‘हे माझं काम नव्हे’ म्हटलं असतं तर आमच्या भागाचं चित्र वेगळं असतं. पण त्याच गोष्टीची दुसरी बाजूही आमच्याकडं सांगतात. लोखंडी नांगर पहिल्यांदा आला तेव्हा शेतकरी घेईनात. लोखंडानं जमीन नासती म्हणायचे. आज आपण त्या शेतकऱ्यांना अडाणी म्हणून हसतो. मला हसायला येत नाही. नांगर काढणाऱ्यानं स्वतःचं भांडवल घातलं होतं, पण नांगर फसला तर एका घरची वर्षाची भाकरी जाणार होती. ज्याची भाकरी जाणार तो दोनदा विचार करणारच. नवीन काही करणाऱ्यानं पहिली चूक स्वतःच्या खर्चानं करावी आणि दुसऱ्याला पटायला वेळ द्यावा, हेच त्यातनं घ्यायचं.

तेव्हा पुतण्याला मी म्हटलं, “शिकू नको असं कोण म्हणतंय? शिकायचं ठिकाण बदल.”

मिस्त्रीकडं पुन्हा गेलो आणि विचारलं, काम तुम्हीच करा, पण पोरगं तुमच्या हाताखाली राहील, चालंल का? मिस्त्री म्हणाला, “चालंल. पर मी सांगीन तिथंच हात लावायचा.” जुनं इंजिन सोडवायचं काम आम्ही घरी केलं. काढताना चूक झाली तर बोल्ट तुटतो, माणूस नाही. तेवढी मजुरीही वाचली. पुढचे आठ दिवस पुतण्या गॅरेजात होता. पहिले तीन दिवस त्याला पार्ट धुवायलाच लावले. घरी येऊन कुरकुरला, पण गेला.

त्या आठ दिवसांत त्यानं जे बघितलं त्यातली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. आणलेलं इंजिन जुनंच होतं. त्याचा डिझेल पंप मिस्त्रीनं उघडला नाही. तसाच काढून दुसऱ्या गावच्या पंपवाल्याकडं पाठवला. क्रँक घासायला कोल्हापूरला, शिवाजी उद्यमनगरात. पुतण्यानं विचारलं, तुम्हाला पंप उघडता येत नाही का? मिस्त्री म्हणाला, “उघडता येतोय. पर बसवल्यावर मापायला माझ्याकडं बेंच न्हाई. ज्याला मापता येत न्हाई त्यानं उघडायचं न्हाई.”

म्हणजे चाळीस वर्षं इंजिनं खोलणारा माणूससुद्धा रोज तोच प्रश्न स्वतःला विचारत होता जो आम्ही विचारत होतो. हे मी करू का दुसऱ्याला देऊ? आणि त्याचं उत्तर कसबावर नव्हतं, पडताळ्यावर होतं. केलेलं काम बरोबर झालंय हे मला तपासता येतंय का? येत असेल तर करावं. येत नसेल तर ते नशिबावर सोडणं झालं, आणि दुसऱ्याच्या जिवाचं नशीब आपण कशाला काढायचं?

एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग दादांचंच खरं ठरलं. पैसे द्या आणि मोकळे व्हा. तसंही नाही. पैसे दिले म्हणजे जबाबदारी दिली, ही आजकालची मोठी फसवणूक आहे. जीप माझ्या घरची, बायका माझ्या बांधावर येणाऱ्या. मिस्त्रीला मजुरी दिली म्हणून मी त्यातनं सुटत नाही. निदान चार गोष्टी विचारण्याइतकं तरी मला कळलं पाहिजे. इंजिन कुठनं आणलं, त्याची पावती आहे का? चोरीचं इंजिन स्वस्त मिळतं, आणि कागद न विचारणारा गिऱ्हाईक त्या चोरीत भागीदार असतो. गाडीचा इंजिन नंबर आरसी बुकात लिहिलेला असतो, विम्याच्या कागदावरही तोच. इंजिन बदललं तर आरटीओची परवानगी घेऊन नोंद करून घ्यावी लागते. पुष्कळ जण हे करत नाहीत. हेलपाटे नकोत म्हणतात. पण उद्या अपघात झाला आणि कागदावरचा नंबर नि ब्लॉकवरचा नंबर जुळला नाही, तर भरपाईसाठी खेटे घालायची पाळी त्या गाडीत बसलेल्या गरिबावर येते. आम्ही प्यूजोच्या जागी प्यूजोच घातलं आणि हेलपाटे घालून नोंद केली. हे काम मात्र कुणा मिस्त्रीवर टाकण्यासारखं नव्हतं. ते मालकाचंच.

या सगळ्या विचारात एक गोष्ट मला माणसाच्या स्वभावाची दिसते. स्वावलंबनाच्या नावाखाली पुष्कळदा कंजुषी लपलेली असते. ‘आपलं आपण करावं’ म्हणणारा मनात मजुरी वाचवत असतो. सगळ्यांनीच सगळं घरी केलं तर मिस्त्रीची चूल कशावर पेटायची, आणि अडीनडीला रात्री बाराला आपण कुणाचं दार वाजवायचं? गावातला लोहार असाच गेला. तयार अवजारं स्वस्त मिळायला लागली, बलुतं कुणी देईना, आणि आता कुदळ शेवटायची म्हटली तर तालुका गाठावा लागतो. उलट बाजूनं, जाणकाराचा मान राखण्याच्या नावाखाली आळस लपलेला असतो. ‘ते आपलं काम नव्हं’ म्हणणाऱ्याला पंपाचं वायसर बदलायचाही कंटाळा असतो. आमच्या दादांचा जुन्या दिवसातला हात चांगला. औताची पाचर त्यांच्यासारखी कुणी ठोकत नसे. पण यंत्र आल्यापासून त्यांनी हात खिशात घातले ते घातलेच. म्हणून माझं असं मत झालंय की निर्णय कोणताही घ्या, आधी स्वतःला विचारा की मी हे खरंच म्हणतोय, का पैसा किंवा आळस माझ्या तोंडानं बोलतोय.

पुतण्या आता विहिरीवरची इंजिनं आणि फवारणीचे पंप दुरुस्त करतो. शेजारपाजारचे लोक आणून देतात. जीपचं ऑईल, फिल्टर, फॅनबेल्ट तोच बघतो. ब्रेकचं काम निघालं की गाडी मिस्त्रीच्या दारात नेऊन लावतो आणि शेजारी उभा राहून बघतो. मिस्त्रीनं सांगितल्याशिवाय हात लावत नाही. बापलेकांचं बोलणं सुरू झालं ते याच कामाच्या निमित्तानं. दादा एकदा गॅरेजात डबा घेऊन गेले आणि दोन तास तिथंच बसून राहिले. काय बोलले ते मला ठाऊक नाही.

हे केवळ यंत्राचं नाही. पोराच्या शिकवणीचं, म्हाताऱ्याच्या औषधाचं, भावाभावांच्या वाटणीचं, सगळीकडं हाच प्रश्न येतो. वाटणीचा कागद स्वतः लिहावा का वकिलाकडं जावं? गाईला घरचं औषध द्यावं का डॉक्टर बोलवावा? मी तरी आता तीनच गोष्टी विचारतो. चूक झाली तर कुणाचं हाड मोडणार? झालेलं काम बरोबर आहे का, हे मला तपासता येतंय का? आणि दुसऱ्याला दिलं तर त्यात माझ्या वाटणीचं काय उरतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कामागणिक बदलतात. तिसऱ्याचं मात्र, काम घरी करा नाहीतर बाहेर द्या, काहीच उरत नाही असं अजून एकदाही आलेलं नाही.